दोन मिनिटं संपली

इंग्रजी बोलण्याची तोंडी परीक्षा घेणाऱ्या बाईंचा चेहरा कायम मख्ख. मान डोलवायची नाही, शब्द पुरवायचा नाही, आणि दोन मिनिटांचं घड्याळ वाजलं की समोरचा वाक्यात कुठंही असो, "थँक यू" म्हणून थांबवायचं. ही सवय इतकी अंगात मुरली होती, की घरी नवऱ्याची गोष्ट लांबली तरी तोंडून "थँक यू" निघून जाई. तो बिचारा हात जोडून जेवायला लागे.

त्या सकाळी एक नर्स आली. परदेशातली नोकरी या परीक्षेवर अडली होती आणि नाव सांगतानाच तिची गाळण उडाली. बाईंनी रेकॉर्डर चालू केला, विषयाची चिठ्ठी पुढे सरकवली: लहानपणीच्या घराविषयी बोला.

नर्सनं चिठ्ठी वाचून खाली मान घातली. मग अजिबात न अडखळता, संथपणे इंग्रजीत बोलू लागली. गच्चीवर जाणारा लोखंडी जिना. त्याची तिसरी पायरी हलते. असे जिने काय, पैशाला पासरी, बाईंनी मनाशी म्हटलं. हिरव्या दारावर सायकल आपटून पडलेला पोचा.

बाईंचं पेन थांबलं. ती सायकल त्यांची होती.

जिन्याखाली एक मुलगा, नर्स सांगत होती. डाव्या बुटाला नाडीऐवजी लाल दोरा.

बाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्यांचा धाकटा भाऊ त्याच बुटांत लपाछपी खेळताना नाहीसा झाला, त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. आई अजून रात्री दाराला कडी लावू देत नाही. तो आहे की गेला, एवढं एकदा कळलं असतं तरी ती म्हातारी सुखानं झोपली असती.

"लपला तिथंच आहे अजून," नर्स म्हणाली. "ती जागा म्हणजे..."

घड्याळ वाजलं.

"थँक यू," बाई म्हणाल्या.

सवयीनं म्हणून गेल्या. मग टेबलाची कड धरून मराठीतच ओरडल्या, "कुठं? कुठं आहे तो?"

नर्स कावरीबावरी झाली. "कोण, मॅडम? मला तर एक शब्दही सुचला नाही. नापास झाले ना मी?"

ती गेल्यावर बाईंनी दार लोटलं आणि रेकॉर्डिंग लावलं. नुसती शांतता. खुर्चीची करकर. घड्याळ. त्यांचं स्वतःचं "थँक यू".

आणि लगेच, माईकच्या अगदी जवळून, एका लहान मुलाचा, आज्ञाधारक आवाज.

"बरं, ताई."