चादरीआडची मांडी

नियमांचा कागद दोन पानी होता आणि त्याने तो तीनदा वाचला होता. फोटो पस्तीस मिलिमीटर रुंद, पंचेचाळीस मिलिमीटर उंच. मागे पांढरं आणि कोरं. सावली कुठेही नको. दोन्ही कान दिसावेत, डोळे उघडे आणि समोर, तोंड मिटलेलं, चेहऱ्यावर कुठलाही भाव नको. सगळ्यात खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हे नियम तान्ह्या बाळांनाही लागू आहेत. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. तो एका कारखान्यात वजनकाटे तपासायचा. काटा केसभर जरी चुकला तरी त्यावर लाल चिठ्ठी चिकटवून तो बाजूला ठेवायचा. पाळायचे म्हटले की नियम पाळता येतात, असं त्याचं सरळ मत होतं.

"हा कागद लिहिणाऱ्याच्या घरात बाळ नसणार," बायको म्हणाली.

त्यांची मुलगी पाच महिन्यांची होती आणि तिला हसण्यापलीकडे दुसरा उद्योग नव्हता. पंखा फिरला की हसायची, मोजा जमिनीवर पडला की हसायची, आणि हसायची ती सगळं तोंड उघडून, पोट हलवत, आवाज करून. फोनवर तो आवाज ऐकून त्याच्या आईने मायदेशी अंथरुणात पडल्या पडल्याच तिचं नाव खुळखुळी ठेवलं होतं. जन्माच्या दाखल्यावरचं नाव मग दाखल्यावरच राहिलं.

आईच्या आजाराला आता नाव सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. महिना, फार तर दीड, असं डॉक्टरांनी ताईला बाजूला घेऊन सांगितलं होतं. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आईचं सगळं तीच करायची. आईने मागितलं होतं ते एकच. "फोनवर पुरे झालं. एकदा माझ्या मांडीवर बसून हसू दे तिला. मग मी मोकळी." विमानाची तिकिटं निघाली असती, रजाही मिळाली असती. घोडं अडलं होतं ते खुळखुळीच्या पासपोर्टापाशी, आणि पासपोर्ट अडला होता फोटोपाशी.

घरापासून तिसऱ्या गल्लीत एक फोटोचं दुकान होतं. दुकानदार आपल्याकडचेच, साठीच्या पुढचे, सगळे त्यांना काका म्हणत. काचेत लग्नांचे आणि पदवीचे फोटो लावलेले होते. बाळाचा एकही नव्हता.

"बाळांचे मी घेत नाही," काका म्हणाले. "घरी काढा. प्रिंट मी करून देतो."

"घरी ती बसणार कशी? अजून मान धरतेय जेमतेम."

काकांनी थोडा विचार केला आणि युक्ती सांगितली. खिडकीजवळ खुर्ची ठेवायची. आईने खुर्चीत बसायचं, डोक्यावरून पांढरी चादर घ्यायची, पायांपर्यंत. मग बाळाला तिच्या मांडीवर चादरीच्या वरून बसवायचं. आईने आतून धरायचं. फोटोत फक्त बाळ आणि मागे पांढरं. सगळे असंच करतात, ते म्हणाले.

"मग तुम्ही का नाही घेत?"

"नाही घेत," काका म्हणाले आणि काच पुसायला लागले.

पहिल्या दिवशी बायको चादरीत शिरली तेव्हा दोघांनाही हसू आवरेना. "दिसतेय का मी?" आतून आवाज आला. "मुळीच नाही. संसारात पहिल्यांदाच," तो म्हणाला, आणि चादरीतून त्याला एक लाथ बसली. अर्थात खुळखुळीही हसली. चाळीस फोटो काढले, चाळीसही फोटोंत तोंड उघडं. त्यातल्या त्यात बरा होता तो त्यांनी पाठवला आणि दोन दिवसांनी उत्तर आलं: नामंजूर, तोंड उघडे आहे.

दुसरा फोटो सावलीपायी गेला. तिसऱ्या वेळी त्याने कारखान्यातून एक दिवा मागून आणला, चादर इस्त्री करून घेतली, सकाळी अकराचा उजेड निवडला. हा जाणार याची त्याला खात्री होती. उत्तर आलं: नामंजूर, दुसऱ्या व्यक्तीचा हात दिसतो.

दोघांनी फोटो मोठा करून पाहिला. खुळखुळीच्या डाव्या काखेखाली चादरीला चार बोटांचे उंचवटे आले होते. अगदी स्पष्ट.

"तू बोटं नीट आत घेतली नाहीस," तो म्हणाला.

"माझे दोन्ही हात तिच्या कमरेला होते."

"मग हे काय आहे?"

तिने आपला पंजा फोटोतल्या उंचवट्यांशेजारी धरला. "ही बोटं लांब आहेत," ती म्हणाली. "तुला सांगणार नव्हते. तिथे आत बसलं की मला जागा कमी पडते."

"चादर सिंगल आहे. डबल आणू."

ती हसली नाही. त्यालाही आपली थट्टा आवडली नाही. काट्यावर चुकीचा आकडा दिसला की तो काटा बदलायचा. इथे काय बदलावं ते त्याला कळेना. चादरीला चुण्या पडतातच, असं म्हणून त्याने तो विषय मिटवला.

रविवारी सकाळी ताईचा फोन आला. तो आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं, कारण ताई रडत होती. आईने दोन दिवस काही खाल्लं नव्हतं. अधूनमधून डोळे उघडून ती एवढंच विचारायची की निघाले का. "यायचं असेल तर आत्ता या," ताई म्हणाली. "नंतर येऊन माझ्या गळ्यात पडू नका." फोन ठेवून त्याने तोंडावर पाणी मारलं आणि बाहेर आला.

बायको तयार होऊन बसली होती. खुर्ची खिडकीजवळ, डोक्यापासून पायांपर्यंत पांढरी चादर, आणि मांडीवर खुळखुळी. अकरा वाजत आले होते. न सांगता तिने एवढं केलेलं पाहून त्याला भरून आलं. ताई काय म्हणाली ते त्याने सांगितलं नाही. आधी फोटो, मग बोलू, असं त्याने ठरवलं.

त्याने दिवा लावला. मोबाइल डोळ्यांसमोर धरला.

"जराशी डावीकडे."

चादर जराशी डावीकडे झाली.

"बस. आता हलू नकोस."

ती हलली नाही. अजिबात हलली नाही. एरवी श्वासाबरोबर चादर तोंडापाशी आतबाहेर व्हायची, ती आज होत नव्हती. श्वास धरून बसली असेल, त्याला वाटलं.

खुळखुळी त्याच्याकडे बघत होती. तोंड मिटलेलं. डोळे उघडे, समोर. त्याने नेहमीच्या सवयीने जिभेने टक् केलं. ती हसली नाही.

त्याने एक फोटो काढला. मग आणखी सहा. सगळे सारखे.

"शाब्बास," तो म्हणाला. नक्की कोणाला म्हणाला ते त्यालाही सांगता आलं नसतं.

तेव्हा बाहेरच्या दारात किल्ली फिरली.

बायको आत आली. हातात दुधाची पिशवी, छातीशी झोळीत बांधलेली खुळखुळी. वाऱ्याने दोघींचे गाल लाल झाले होते.

"किती वेळ फोनवर?" ती म्हणाली. "मी दारावर टकटक केली होती. म्हटलं, दूध संपलंय, हिला घेऊन जाऊन येते."

त्याला बघून खुळखुळी झोळीतून हसली. मोठ्याने.

त्याने मागे वळून पाहिलं. खुर्चीत चादर होती. तिची घडी मोडलेली नव्हती.

मोबाइलमध्ये मात्र सात फोटो होते.

बायको स्वयंपाकघरात दूध तापवत होती तेवढ्या वेळात त्याने ते सातही फोटो पाहिले. चेहरा खुळखुळीचाच. तीच हनुवटी, तीच भुवईजवळची बारीक रेघ. तो घाबरला होता, चांगलाच घाबरला होता. फोटो पुसून टाकायचे हे त्याच्या मनात आधी आलं. मग मनात आली ती आई, डोळे उघडून विचारणारी, निघाले का. पुसले तर पुन्हा काढायचे, पुन्हा दोन दिवस थांबायचं, पुन्हा नामंजूर. त्याने सातांतला एक निवडला आणि पाठवून दिला.

या वेळी उत्तर अर्ध्या तासात आलं. मंजूर.

"हा कधी काढलास?" बायकोने विचारलं.

"मागच्याच वेळचा आहे. नीट बघितला नव्हता." खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, पण ते बिनबोभाट जमलं. ती इतकी खूश झाली की तिने पुढे काही विचारलं नाही.

प्रिंट काढायला तो काकांकडे गेला. काकांनी प्लॅस्टिकची मोजपट्टी फोटोवर ठेवली, कान पाहिले, हनुवटी पाहिली. मग चष्मा वर करून फोटो डोळ्यांजवळ नेला.

"सावली नाही," ते म्हणाले.

"नको होतीच ना."

"मागे नसते. पण नाकाखाली असते, हनुवटीखाली असते. इथे तिथेही नाही." त्यांनी फोटो काउंटरवर ठेवला, त्याच्याकडे सरकवला. "कोणी धरलं होतं हिला?"

"आईने," तो म्हणाला.

पैसे घ्यायला काकांनी हात पुढे केला नाही. नुसतीच मान हलवली.

पासपोर्ट यायला तीन आठवडे लागायचे होते. आईने तेवढ्यात पुन्हा दोन घास खायला सुरुवात केली, ताईचा आवाज जरा सैल झाला, आणि घरात बॅगा उघडल्या गेल्या. बायको गुणगुणत कपडे भरत होती. खुळखुळी कमी हसायला लागली आहे हे आधी त्याच्या लक्षात आलं. पंखा फिरला तरी ती नुसती बघायची. दात येत असतील, बायको म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि मूल उत्तम आहे म्हणून सांगितलं. शांत बाळ म्हणजे आईबापांचं नशीब, असंही म्हणाल्या.

दर शनिवारी तो तिला वजन करायला काट्यावर ठेवायचा. फोटोनंतरच्या शनिवारी वजन सहा किलो आठशे चाळीस ग्रॅम भरलं. पुढच्या शनिवारीही सहा आठशे चाळीस. तिसऱ्या शनिवारी त्याने कारखान्यातून प्रमाणित वजनं आणली आणि आधी काटाच तपासला. काटा बरोबर होता. मग त्याने तिला ठेवलं. ती हातपाय न हलवता पडून राहिली, म्हणून आकडाही लगेच स्थिर झाला. सहा आठशे चाळीस. त्याने तिला उचलून घेतलं, छातीशी धरलं, आणि बायकोला दिसणार नाही अशा बेताने रडला.

पासपोर्ट आला. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने फोटो पाहिला, मुलीकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. बाळांचे फोटो कधीच असे जुळत नाहीत, तो कौतुकाने म्हणाला, आणि शिक्का मारला.

ते घरी पोचले तेव्हा दुपार होती. आई उशांना टेकून बसली होती. ताईने तिचे केस विंचरून दिले होते, धुतलेलं पातळ नेसवलं होतं. बायको वाकून पाया पडली आणि तिने मुलीला आईच्या मांडीवर ठेवलं. ताईने पदर डोळ्यांना लावला.

"आली का गं," आई म्हणाली. तिने टक् केलं. गाल फुगवून दाखवले. फोनवर करायची ते सगळे आवाज केले, दम लागेपर्यंत.

मुलगी समोर बघत होती. तोंड मिटलेलं.

"नवीन जागा आहे," बायको घाईने म्हणाली. "प्रवासाने दमलीय. उद्या बघा, कशी खिदळेल."

"हो," आई म्हणाली. "दमली असेल. तुम्ही दोघी चहाचं बघा."

दोघी आत गेल्या. आईने त्याला बोटाने जवळ बोलावलं. तो पलंगाच्या कडेला बसला. आईचा हात हलकेच मुलीच्या पाठीवरून फिरत होता. त्या हातात राग नव्हता, भीतीही नव्हती. तिने आत ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात विचारलं.

"ही कोणाची का असेना, आणलीत ते बरं केलंत. पण आपली कुठे आहे?"

ही काय, तुझ्या मांडीवरच आहे, असं त्याला म्हणायचं होतं.

मुलीने मान वळवली आणि त्याच्याकडे पाहिलं. उत्तर तिलाही ऐकायचं होतं.