ती आली की सगळं ठीक

साहो इनुईचं आताशा सोया सॉसच्या नुसत्या वासाने डोकं उठायचं. आणि सॉसच्या कारखान्यांच्या तात्सुनो गावात, स्टेशनात उतरलं की पहिला तोच वास.

"परत?" तिने फोनवर विचारलं होतं.

"परत," मुरोता सॉसवाल्यांचा तेप्पेई इतक्या ओशाळलेल्या आवाजात म्हणाला, की तिला धड रागावताही येईना. "काल संध्याकाळी. कढई नीट तापत होती आणि काटा एकदम वर उडाला. आच आपोआप बंद. अख्खा घाणा कच्चा राहिला, इनुई-सान."

काट्यामागची तापमान मोजणारी डबी साहोच्या ओसाकाच्या कंपनीची. काम काय तिचं? कढईत बुडवलेली धातूची कांडी तापली की तिचा विद्युतरोध वाढतो. डबी तो रोध मोजते आणि किती तापलं ते पॅनलवरच्या काट्याला कळवते. संपलं. यात वारंवार बिघडण्यासारखं आहे तरी काय, हे साहोला कळत नव्हतं. डबी बदलून झाली, कांडी बदलून झाली, मीटर लावून वायरी तपासून झाल्या. ती जायची तेव्हा सगळं कसं छान चाललेलं. कारखाना चकाचक, फरशी पुसलेली, आणि तेप्पेई इस्त्रीच्या शर्टात, हातात चहाचा ट्रे घेऊन उभा.

"तुमच्यासमोर नीट वागतं बघा ते," तो म्हणायचा.

"यंत्र आहे ते, शाळेतलं पोर नाही."

"मीसुद्धा तुमच्यासमोर नीटच वागतो..."

"तुमचं माप नकोय मला, मुरोता-सान. कढईचं द्या."

त्यात तक्रार आली की हात हलवत जायचं नाही. माफीचा खाऊ न्यायचा, दोन्ही हातांनी द्यायचा, कमरेत वाकायचं. तेप्पेईची थोरली बहीण नात्सुए आता बिनदिक्कत फर्माइश करायची, "बिस्किटं पुरे झाली गं. पुढच्या वेळी तो लिंबाचा केक आण." पुढच्या वेळी म्हणे. पुढची वेळ येऊ नये म्हणूनच तर साहोचा जीव चालला होता.

कारण साहेबांनी शांतपणे सांगून टाकलं होतं, "शुक्रवारपर्यंत दोष सापडू दे. नाहीतर हे गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल, आणि तुला मी ऑफिसातच बसवीन. फिरतीवर दुसरा कुणी जाईल." फिरतीचं काम मिळवायला साहो किती भांडली होती. कंपनीच्या फिरतीवर मुलगी म्हणून ती एकटीच. आणखीही एक गोष्ट होती, पण ती साहेबांना सांगण्यासारखी नव्हती. तात्सुनोला जायचं म्हटलं की ती वैतागायची, आणि वैतागता वैतागता लिपस्टिक लावायची.

गुरुवारी जवळच्याच हिमेजी शहरातलं काम लवकर उरकलं. संध्याकाळ जेमतेम कलली होती. स्टेशनात समोर तात्सुनोची दोन डब्यांची गाडी उभी. गिऱ्हाइकाकडे न कळवता जायचं नाही, हे तिच्या अंगात भिनलेलं. शिवाय हातात खाऊ नाही. "खड्ड्यात गेला खाऊ," ती म्हणाली आणि गाडीत चढली.

कारखान्याचं दार उघडंच होतं. आत... आई गं. चिखलाचे बूट एकीकडे, रिकामे क्रेट दुसरीकडे, बाकावर अर्धा खाल्लेला भाताचा गोळा. मधोमध तेप्पेई, फाटक्या बनियनमध्ये, केस चहूबाजूंनी उभे. आणि कढईपासून डबीकडे जाणाऱ्या वायरवर लटकलेला, पाणी गळणारा, चांगला जाडजूड रबरी एप्रन.

पॅनलवरचा काटा थरथरत होता.

"ते काय आहे?" साहोने विचारलं.

"इनुई-सान? तुम्ही... कळवलं नाहीत..."

"तिथे काय लटकतंय?"

"एप्रन. माझा. ओला असतो ना... कढईच्या उबेला वाळतो."

"रोज?"

"रोज. म्हणजे... तुम्ही येणार असलात की काढतो."

साहोने एप्रन उचलला. काटा खाली आला. पुन्हा अडकवला. काटा टुणकन वर. तिने डबीचं झाकण काढून वायरचं टोक ओढून पाहिलं. वरून पक्कं दिसणारं टोक आतून तुटायला आलेलं. एप्रनच्या वजनाने वायर ताणली जायची, रोध वाढायचा, आणि बिचाऱ्या डबीला वाटायचं कढईच उकळली.

"तू येणार म्हटलं की हा पहाटे उठून झाडू मारतो," मागून नात्सुए म्हणाली. "माझ्या लग्नात केस विंचरले नव्हते याने."

"ताई, तू आत जा बघू."

नात्सुए हसत आत गेली. साहो धपकन एका क्रेटवर बसली. राग इतका आला होता की आधी कशावर ओरडावं ते सुचेना.

"माझं काम जायची वेळ आलीय, कळतंय? झोपेतसुद्धा रोध मोजत होते मी. आणि तुम्ही एप्रन लपवत होतात?"

"पसारा दिसला असता..."

"पसाराच बघायला येते मी. तेच काम आहे माझं."

तो मान खाली घालून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "मला वाटलं, हे सगळं असं दिसलं... तर तुम्हाला परत यावंसं वाटणार नाही."

साहोने पक्कड काढली. तुटकं टोक कापलं, नवं बसवलं, वायर भिंतीला घट्ट बांधली. एप्रनसाठी लांब, दाराशी एक खिळा ठोकला. जरा जास्तच जोरात.

"आता नाही बिघडणार."

"कधीच?"

"मी बसवलंय."

"वाईट झालं," तो म्हणाला आणि गडबडला. "म्हणजे चांगलंच झालं. पण मग... तुम्ही कशाला याल आता?"

साहोने पक्कड पिशवीत आपटली. "तेप्पेई-सान," ती म्हणाली. त्याला नावाने हाक मारायची ही पहिलीच वेळ, हे दोघांच्याही लक्षात आलं. "माणसाला बोलवायला यंत्रच बिघडावं लागतं का?"

कढईखालची आच घुमत होती. तेप्पेईने बनियनलाच हात पुसले.

"रविवारी... इथे काहीसुद्धा बिघडलेलं नसताना... याल? तुम्ही मला आवडता, इनुई-सान. पहिल्या दिवशी तुम्ही त्या काट्याला दम भरलात ना... तेव्हापासून."

साहोचे कान तापले. कांडी लावली असती तर काटा नक्कीच उडाला असता.

"येईन," ती म्हणाली. "पण माफीचा खाऊ या वेळी तुमच्याकडून. लिंबाचा केक. आणि आवरायचं नाही."

"थोडंसुद्धा?"

"थोडंसुद्धा नाही. हे जे आहे तेच बघायचंय मला. आता कळलं, एवढे दिवस ते बघायचंच राहिलं होतं."

ती अंगण ओलांडून फाटकापाशी गेली. वळून पाहिलं, तर खिडकीत तेप्पेई होता. हसत होता आणि हातात झाडू.

"झाडू खाली ठेवा," ती तिथूनच ओरडली.

आतून झाडू पडल्याचा आवाज आला.