चढावरचा पडीक तुकडा

चहाचं आधण ठेवण्याआधी इंदुताई तेजम शेतातली खुंटी बघून येत. वीतभर लांबीची ती खुंटी मातीत खोचलेली असे. पिकाच्या मुळांना धरून बुरशीचे केसाहून बारीक तंतू वाढतात. त्यांतून धावणारे विद्युतस्पंद खुंटी टिपायची आणि मोबाइलवर निळ्या रेषांचं जाळं उमटायचं. मातीत पाणी कुठून कुठे चाललंय, तेही दिसायचं. आजऱ्याच्या डोंगरउतारावरच्या अकरा घरांनी दोन वर्षांपूर्वी गट करून या खुंट्या घेतल्या होत्या. तेव्हापासून खताची पोती निम्म्यावर आली. शिवाय जाळं दाट असेल त्या शेताला पतसंस्था ‘मातीचा दाखला’ देई, आणि त्यावर कमी व्याजाचं कर्ज आणि पीकविमा मिळे. इंदुताईंचा दाखला सगळ्यांत वरच्या श्रेणीचा होता.

त्या ऑगस्टमध्ये पावसानं बावीस दिवस ओढ दिली. शेजारपाजारची नाचणी माना टाकू लागली, इंदुताईंची मात्र तरतरीत. “तुमच्या शेणखताची करामत,” लोक म्हणत. त्यांनाही ते ऐकायला बरं वाटे. पण मोबाइलवरच्या निळ्या रेषा त्यांना स्वस्थ बसू देईनात. सगळ्या वरच्या बांधाकडून येत होत्या.

गटाच्या मातीतज्ज्ञ फातिमा नाईकवडी फेरीवर आल्या, तेव्हा इंदुताईंनी त्यांना थेट शेतात नेलं.

“मॅडम, पाणी माझ्या शेतातलं न्हाई. कुणाचं तरी येतंय.”

“बघूया की,” फातिमा म्हणाल्या.

दोघी खुंटी उपटत, चार पावलांवर पुन्हा खोचत चढ चढू लागल्या. प्रत्येक ठिकाणी रेषा आणखी जाड होत गेली. शेवटी त्या सगुणा कांबळेंच्या तुकड्यावर पोचल्या. अर्धा एकर खडकाळ रान, करवंदीच्या जाळ्या आणि मधोमध तीन जुनी जांभळं. इथे खुंटी खोचताच मोबाइलचा पडदा निळाशार झाला.

“जांभळाची मुळं खोलवरचं पाणी ओढतात,” फातिमा हळू आवाजात म्हणाल्या. “तंतू ते खाली पोचवतात. बदल्यात तुमची नाचणी त्यांना साखर देते. खालच्या सहा शेतांत तरी हे पोचत असणार.”

“मग या तुकड्याला दाखला का न्हाई?”

“पीक नाही म्हणून. आमच्या मोजणीत पीक नसलेलं रान धरतच नाहीत.”

याच कारणानं सगुणाबाईंना गटातही घेतलं नव्हतं. त्या पलीकडे शेळीसाठी गवत कापत होत्या. दोघींना बघून कंबर सरळ करत म्हणाल्या, “घ्या बघून शेवटचं. सोमवारी जेसीबी येतोय. मुरूमवाल्याला दिलं रान. घरावर पत्रे घालायचे हायेत.”

फातिमांचा चेहरा उतरला. झाडांसकट तंतू उखडले की असं जाळं पुन्हा जुळायला दहा वर्षं लागतात, एवढंच त्या इंदुताईंच्या कानात बोलल्या.

इंदुताईंच्या मनात भलतंच येऊन गेलं. मुरूमवाला देतोय तेवढे पैसे आपणही उभे करू शकतो. तुकडा आपल्या नावावर, पाणी आपलं, दाखला शाबूत. हे दोघींशिवाय कुणाला माहीत नाही. इंदुताई करवंदीच्या सावलीत टेकल्या, घाम पुसला आणि मग त्यांनी हाक मारली, “सगुणाकाकी, जरा हिकडं ये. तुला काय तरी दाखवायचं हाय.”

निळ्या रेषा म्हणजे काय ते इंदुताईंनी सांगितलं, तसा सगुणाबाईंनी मोबाइल हातात घेऊन बघितला.

“म्हंजे दोन वर्सं माझं रान तुमास्नी पाजतंय?”

“व्हय.”

“आन् मलाच नापास केलंसा.” त्या हसल्या, पण ते हसू इंदुताईंना सोसवेना. “मी काय मुद्दाम राखलं न्हाई गं. बैल नव्हता, म्हणून नांगरलं न्हाई.”

संध्याकाळी दूध डेअरीच्या ओट्यावर गट बसला. गटातला दत्तू होडगे तावातावानं म्हणाला, “पाणी आपल्या शेतातलं न्हाई हे पतसंस्थेला कळलं तर सगळ्यांचे दाखले जातील. गप बसा!”

“माझा आधी जाऊ दे,” इंदुताई म्हणाल्या आणि आपला दाखला त्यांनी फातिमांच्या हातात दिला. “अख्ख्या उताराचा एकच दाखला मागूया. पहिलं नाव काकीचं.”

अकरापैकी सात जणांनी तशा अर्जावर सह्या केल्या. दत्तू उठून गेला. गटाच्या शिलकीतून सगुणाबाईंच्या घरावर पत्रे चढले आणि सोमवारी आलेला जेसीबी त्यांनी स्वतः परत धाडला.

अर्जावर दोन महिने काहीच हललं नाही. मग पतसंस्थेचे अधिकारी आले, चिखल तुडवत त्यांनी स्वतः खुंट्या खोचल्या आणि वर्षभरासाठी प्रयोग म्हणून सामाईक दाखला द्यायचं कबूल केलं. आता फक्त नकाशा काढायचा होता. फातिमा खुंटी घेऊन पुढे आणि अधिकारी बोटानं पडद्यावर हद्द आखत मागे. सगुणाबाईंचा तुकडा संपला, तरी रेष थांबेना. माथा आला. पलीकडच्या गावाची शेतं खाली दिसू लागली आणि निळी रेष तिकडेही उतरत होती.

अधिकाऱ्यांनी बोट उचललं. ते इंदुताईंकडे वळले.

“बाई, मग हद्द मारू तरी कुठं?”