ओटा फोडला, त्या हिवाळ्यात

धान कापून झालं की हवेत ताज्या तणसाचा वास येतो, आणि रिताला अजूनही ती दुपार आठवते. अड्याळच्या बाजारात, कापडदुकानासमोर, तिच्या खुर्चीचं चाक नालीच्या फरशीत अडकलं होतं. मागून कुणीतरी खुर्ची धरली.

"हात नको लावू! आधी विचार."

"विचारून राहिलो न... लावू का?"

तिनं मान वळवली. कुलदीप! अकरावीत मागच्या बाकावरून तिच्या वेणीकडे पाहत बसणारा. आता मिशी आली होती. पाहणं मात्र तेच.

"लाव," ती म्हणाली, आणि उगाच लाजली.

बहिणीच्या, खुशबूच्या लग्नासाठी साडी हवी होती. दुकान कुलदीपच्या वडिलांचं, ताराचंद शेठचं. समोर उंच ओटा, चढायला पायऱ्या. कुलदीप साड्यांचा गठ्ठा घेऊन खाली रस्त्यावर आला. रिताच्या वाट्याला जन्मभर हेच. चपला रस्त्यावर, बांगड्या रस्त्यावर, चष्मासुद्धा रस्त्यावर. गावात याला माया म्हणतात. चुलीत घाला असली माया! दुकानात सगळ्यांना जाता आलं पाहिजे असं कायदा म्हणतो. पण बाजारातल्या एकाही पायरीला तो कुणी वाचून दाखवला नव्हता.

"मले आरशासमोर, खांद्यावर टाकून पाहायची हाय," ती म्हणाली.

"मंग उचलून नेतो."

"मी धानाचं पोतं हाय का?"

तो गोरामोरा झाला. पुढच्या बाजाराला मात्र पायऱ्यांवर सिमेंटचा उतार तयार! कुलदीप छाती काढून उभा. रितानं पाहिलं आणि तिला हसूच फुटलं.

"हा तर रात्री दुकानात मोटारसायकल चढवाचा उतार हाय, येड्या! यावरून मी उलटी पडन. मी का तुही गाडी हाय?"

"गाडी असती... तर किल्ली मह्या खिशात असती."

"म्हणूनच नाही." तिचे गाल तापले होते, आवाज मात्र कडकच. "एक फूट उंचीले बारा फूट लांब उतार लागते."

"मंग बाबाचा ओटा जाईन..."

"जाईन."

"बाबा मले घरातून काढन."

"तं बस मह्या बाजूनं रस्त्यावर. पाह्य कसं वाटते."

त्याचं हसू मावळलं. त्या ओट्यावर ताराचंद शेठची बैठक रोज भरायची, पान, राजकारण, सगळं तिथंच. बाप आणि ती, यातलं एक कुलदीपला निवडायचं होतं. रिता तिकडे जायची थांबली. रात्री मात्र झोप यायची नाही.

मग एका सकाळी खुशबू धावत आली. "ताई, ओटा फोडून राहिला तो!"

रिता पोचली तेव्हा कुलदीपच्या हातात घण होता, पापण्यांवर धूळ. ताराचंद शेठ रस्त्यावर खुर्ची टाकून ओरडत होते, "एका गिऱ्हाइकापायी दुकान फोडून राहिला येडा!"

"गिऱ्हाईक नाही, बाबा." घण खाली आला. "मले... आवडते ते पोरगी."

"अन् मले कोण विचारन?" रिता भर बाजारात ओरडली.

"विचारतो न. उतार पक्का होऊ दे. तू आपल्या हातानं वर ये, तवा विचारतो. नाही म्हणाचं असन, तं आपल्या हातानंच उतरून जाजो. कोणी अडवणार नाही."

तिला 'नाही' म्हणून निघून जायचीही सोय असावी, हा विचार आजवर कुणाच्या डोक्यात आलाच नव्हता.

दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लांब उतार झाला. तो पक्का झाला तेव्हा ती एकटीच वर गेली. चाकांवर तिचेच हात. कुलदीपचे पाठीमागे घट्ट बांधलेले. आत नव्या कापडाचा वास. त्यानं हलक्या आवाजात विचारलं. तिनं आरशातूनच त्याच्याकडे पाहिलं.

ऊन कललं. दिवे लागले. बाजार उठला, पण रिता काही खाली उतरली नाही.

शेवटी ताराचंद शेठ दारात येऊन खाकरले. "काव पोरी... चहात साखर किती घेतेस?"