मृताच्या हातची मोहोर

पहाटेच्या धुक्यात खरवंडगडाचा कडा अर्धा बुडालेला होता आणि पायथ्याच्या, नदीकाठच्या भैरवनाथाच्या देवळात गोतसभेसाठी छत्तीस गावांचे पाटील जमू लागले होते, तेव्हा देशमुखांचे वृद्ध कारकून राघो अनंत एकटेच गडाच्या पायऱ्या उतरत होते. हैबतराव देशमुख वारले त्याला सतरा दिवस झाले होते, आणि त्या दिवसानंतर राघोपंतांच्या हातून एक ओळ उतरली नव्हती. बोरू शाईत बुडवावा, की मागून तोच खर्जातला आवाज येई, "पंत, काय लिहिलंत? वाचा." वळून पाहावे, तर बैठक रिकामी.

हैबतरावांना अक्षरओळख नव्हती. पंतांनी लिहावे, वाचून दाखवावे, आणि मगच देशमुखांनी बोटातल्या अंगठीची मोहोर उठवावी, असा तीस वर्षांचा रिवाज होता.

आज सभेपुढे प्रश्न होता तो देशमुखीचे वतन कोणाच्या नावे चढवावे हा. हैबतराव निपुत्रिक गेले. वतन आपल्या नावे व्हावे आणि पुढे आपण दत्तक घ्यावा, अशी त्यांच्या पत्नी सगुणाबाईंची अर्जी होती. धाकटे बंधू सुभानराव यांनी मात्र थोरल्यांच्या मोहोरेचे दानपत्र पुढे केले होते. त्यात सारे वतन सुभानरावांना आणि वहिनींना केवळ अन्नवस्त्र.

देवळाच्या पायरीशी सुभानरावांनी पंतांना गाठले. आवाज मृदू होता.

"पंत, दानपत्र खरे करून दिलेत तर तुमचे कुलकर्णाचे वतन तुमच्या घरात अक्षय राहील. उलट बोललात, तर आमची माणसे नदीकाठीच उभी आहेत."

सभा बसली. निवाड्यासाठी आलेल्या सुभेदारांनी कागद निरखला, मोहोर निरखली. मोहोर खरी होती; त्याविषयी सगुणाबाईंनीही पडद्याआडून तक्रार केली नाही.

"राघोपंत," सुभेदार म्हणाले, "अक्षर आपले आहे. नदीत उभे राहून, बेलभंडार हाती घेऊन सांगा, हा कागद देशमुखांनी राजीखुशीने करून दिला काय?"

पंत गुडघाभर पाण्यात उतरले. काठावर सुभानरावांचे चार हत्यारबंद उभे होते. पाणी संथ होते. मागे, अगदी खांद्याशी, कोणी खाकरल्याचा भास झाला. पंतांनी वळून पाहिले नाही.

"सुभेदारसाहेब, मी लिहिलेले मी देशमुखांना वाचून दाखवी, तेव्हा ते मोहोर उठवीत. हा कागद मी वाचून दाखवला नाही. ऐकायला ते नव्हते. अंगठी सुजलेल्या बोटातून निघेना, म्हणून सुभानरावांनी थोरल्यांचा हात उचलून कागदावर दाबला. कागद मी धरला होता. भिऊन धरला. हात थंड होता, साहेब."

सुभानरावांची तलवार निम्मी म्यानाबाहेर आली. पण पाटील उठून त्यांच्या आणि नदीच्या मध्ये उभे राहिले, आणि हत्यारबंद एकेक पाऊल मागे सरले.

दोन प्रहरापर्यंत सभेचा निवाडा लिहून महजर झाला. दानपत्र फाडून नदीत सोडले. वतन सगुणाबाईंच्या नावे चढले, सुभानरावांना कैद झाली. खोट्या कागदाला हात लावला म्हणून पंतांचे कुलकर्ण जप्त झाले आणि सूर्यास्तापूर्वी मुलूख सोडण्याचा हुकूम झाला. पंतांनी तो मस्तकी लावला.

निघताना ते पडद्यासमोर वाकले. हैबतराव गेले त्या दिवशी सगुणाबाईंना त्यांच्या दालनात येऊ दिले नव्हते. त्यांनी पडद्याआडून विचारले,

"पंत, कागद केलात तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते?"

"नव्हते, बाईसाहेब."

"मग कोणी मिटले?"

"मी. सारे बाहेर गेल्यावर."

आतून पाट सरकवल्याचा हलका आवाज झाला.

"बसा," त्या म्हणाल्या. "घाट लांबचा आहे. जेवून निघा."