पट्टी बांधलेला हात

“पाकीट तूच घेतलंस आणि तूच दडवलंस! या घरात कानडी लिहिणारी दुसरी आहे कोण?”

अंबुबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, आणि सुनेच्या, सुखदाच्या हातातलं भांडं दचकून ओट्यावर आदळलं.

“नाही हो आत्या... मी ते पाहिलंसुद्धा नाही.”

“मग सही काय भुतानं केली?”

बनशंकरी वस्तीतल्या त्यांच्या घराच्या फाटकावर बँकेनं ताब्याचा कागद डकवला होता आणि येणारा-जाणारा तो थांबून वाचत होता. घर अंबुबाईंचं, कर्ज मुलाच्या, विद्याधरच्या, चिकपेट बाजारातल्या साड्यांच्या दुकानासाठी काढलेलं. दुकान बसलं, हप्ते थकले, त्यात कुणाला नवल नव्हतं. पण ताब्याआधी साठ दिवसांची नोटीस मालकिणीला मिळायला हवी, तिचं पाकीट घरात कुणी पाहिलंच नव्हतं. बँक म्हणत होती, मिळाली. पोचपावतीवर कानडीत ‘अंबुबाई’ अशी सुबक सही आहे.

सुखदा रडली, पण उलटून बोलली नाही. त्याचाच अंबुबाईंना जास्त संताप आला. महिनाभर त्यांनी तिच्या हातचं पाणी घेतलं नाही.

मागच्या गल्लीतली रम्या वकील होती. तिनं समजावलं, “अज्जी, नोटीस मिळाली नाही हे सिद्ध झालं तर ताबा रद्द होईल. बँकेला पहिल्यापासून सुरू करावं लागेल, तेवढ्यात वरचा मजला भाड्यानं देऊन, दुकान विकून काही जमवता येईल. फक्त तुमची खरी सही असलेला एखादा जुना कागद द्या.”

“सरी, बरं, देते की. पन्नास असतील,” अंबुबाई म्हणाल्या.

एकही नव्हता. लग्नात ‘मुलगी चौथी पास’ म्हणून सांगितलेली ही बाई निपाणीच्या शाळेत जेमतेम सहा महिने बसली होती. पुढं धाकटी भावंडं कडेवर आली आणि पाटी सुटली ती सुटलीच! गहाणखताच्या दिवशी तर मुलासमोर अंगठा उठवायची वेळ आली, तेव्हा त्या उजव्या हाताला हळदीचं फडकं गुंडाळून बँकेत गेल्या होत्या. कारकुनानं अंगठ्याशेजारी इमानानं लिहून ठेवलं, ‘हाताला दुखापत असल्याने.’

कर्जवसुलीच्या न्यायाधिकरणात बँकेच्या वकिलानं नेमकं तेच वाचून दाखवलं. “बाई शिकलेल्या आहेत. त्या दिवशी हात दुखावला होता म्हणून अंगठा, एरवी सही. पोचपावतीवरची सही त्यांचीच आहे.”

अंबुबाईंना कळून चुकलं. आपणच गुंडाळलेलं फडकं आता आपलंच घर गिळत होतं... आणि तेवढ्यात मागच्या बाकावरून सुखदाची कुजबुज त्यांच्या कानावर पडली. ती रम्याच्या बाहीला धरून विनवत होती, “आत्यांना सही करून दाखवा म्हणू नका हो. दुसरं काहीतरी बघा ना!”

म्हणजे हिला ठाऊक होतं! ठाऊक असून ही महिनाभर चोर म्हणवून घेत राहिली. ‘त्यांना लिहिताच येत नाही’ एवढं एक वाक्य उच्चारलं असतं तर आपलंच तोंड बंद झालं असतं, आणि ते एक वाक्य तिनं गिळलं होतं... कुणासाठी?

अंबुबाई उठल्या.

“साहेब, मला सही येत नाही. कधीच येत नव्हती. हाताला काही झालं नव्हतं, फडकं मीच बांधलं होतं.”

विद्याधरनं मान खाली घातली.

“आता हे सोयीचं सांगताहेत,” बँकेचा वकील म्हणाला.

“सोय? जन्मभर पोटच्या पोरापासूनसुद्धा झाकलं ते तुझ्यासारख्या परक्यापुढं उघडं केलं. यात कसली सोय रे, बाबा?”

न्यायाधीशसाहेबांनी पाकीट पोचवणाऱ्या माणसाला पुढच्या तारखेला बोलावलं. पाकीट दारात सरकवलं आणि नाव आपणच लिहिलं, असं त्यानं कबूल केलं. ते वाऱ्यानं गेलं की केराबरोबर, देव जाणे. ताबा रद्द झाला. बँकेनं नव्यानं नोटीस द्यावी, असा हुकूम निघाला.

हुकूम ऐकून उतरताना जिन्यात अंबुबाईंनी सुनेला अडवलं. “कधीपासून माहीत होतं?”

“लग्नाच्या वर्षीपासून. औषधाची बाटली ओळखायला तुम्ही दोरा बांधायचात. एकदा तो सुटला, तेव्हा मी परत बांधला.”

“आणि मी चोर म्हटलं तरी बोलली नाहीस?”

“बोलले असते तर तुमची मान खाली गेली असती, आत्या.”

“मूर्ख आहेस,” अंबुबाई म्हणाल्या, आणि पदरानं तिचे डोळे जरा जोरातच पुसले. “चुकलं माझं. परत सांगणार नाही, एकदाच ऐक.”

तीन आठवड्यांनी बँकेची नवी नोटीस आली. साठ दिवस सुरू झाले. विद्याधरनं पाकिटासाठी हात पुढं केला, तो अंबुबाईंनी बाजूला सारला आणि पाकीट सुखदापुढं धरलं.

“तू वाच. मोठ्यानं वाच, आणि माझं मन राखायला काही गाळू नकोस. घर माझं आहे, मला सगळं कळलं पाहिजे.”

सुखदा त्यांच्याजवळ जमिनीवर बसली आणि वाचू लागली.