साध्या मलमाची तीस बाळं

अकोल्याच्या त्वचाविज्ञान प्रयोगशाळेत सोमवारी सकाळी नऊ वाजता कोणत्या गटाला कोणतं मलम लावलं होतं ते संगणकाने उघड केलं आणि डॉ. वसुमती तायडे यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"छायाजंतूंचं मलम लावलेली तीस बाळं," हमीद काझींनी पडद्यावरचं वाचून दाखवलं. "त्यांची त्वचा सरासरी अठ्ठ्याऐंशी टक्के अतिनील किरण अडवते. आता साधं मलम लावलेली तीस बाळं. सत्त्याऐंशी टक्के."

काझी संख्याशास्त्रज्ञ होते, आणि संख्याशास्त्रज्ञाने जेवढं कमी बोलावं तेवढंच बोलत. त्यांचा निवाडा निष्पक्ष राहावा म्हणून सहा महिने त्यांना फक्त आकडे दिले होते, त्यामागचं जीवशास्त्र नाही. आज पहिल्यांदाच त्यांनी विचारलं, हे जंतू आहेत तरी काय?

"समुद्रातल्या शेवाळाजवळ अतिनील किरण शोषून घेणारं एक द्रव्य असतं," वसुमती म्हणाल्या. "ते बनवण्याची जनुकं आम्ही आपल्या त्वचेवर एरवीही सुखाने नांदणाऱ्या एका निरुपद्रवी जंतूत घातली. ऊन असो वा सावली, तो ते द्रव्य तयार करतच राहतो. तान्ह्या बाळाची त्वचा कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ. उन्हापासून वाचवणारी मलमं तिच्यातून आत मुरतात, म्हणून ती लावता येत नाहीत. हा जंतू मात्र वरच राहतो, त्वचेवरचं तेल खातो."

"आणि एका बाळावरून दुसऱ्यावर उडी मारतो?"

"नाही. ते आधीच तपासलंय. नुसतं उचलून घेतल्याने, पापा घेतल्याने जात नाही. त्याला ऊब लागते, भरपूर तेल लागतं आणि दहा मिनिटं तरी सलग चोळणं लागतं. एवढं कोण चोळत बसणार?"

जन्मल्यापासून पुढे वर्षभर जिला रोज तेल लावून रगडून न्हाऊ घातलं होतं, त्या बाईच्या तोंडी हे वाक्य शोभत नव्हतं. पण प्रयोगशाळेत शिरताना माणूस चपलांबरोबर पुष्कळ काही बाहेर काढून ठेवतो.

काझींच्या मते उत्तर सरळ होतं. साध्या बाटल्यांतही चुकून जंतूंचंच मलम भरलं गेलं असणार. तसं असेल तर प्रयोग बाद, आणि शुक्रवारी मान्यता समितीपुढे जायचं काही कारणच उरत नाही.

ओझोनचा थर विरळ झाल्याला आता वीस वर्षं होत आली होती. नऊ महिन्यांखालच्या बाळाला दिवसा उंबऱ्याबाहेर आणायचं नाही, असा तेव्हापासून कायदाच होता. त्याला सगळे सावलीचा कायदा म्हणत. बाळ आत म्हणजे आई आत. वसुमतींची मुलगी केतकी अशाच जाड पडद्यांच्या खोलीत नऊ महिने वाढली. दहाव्या महिन्यात तिला अंगणात नेलं, तर स्वतःची सावली पाहून ती भेदरून रडली. ते रडणं वसुमती विसरल्या नव्हत्या. सात वर्षांची ही सगळी धडपड तेवढ्यासाठीच होती, आणि समितीने एकदा नाही म्हटलं की ती कायमची संपणार होती.

त्या तडक आसरखेड्याला गेल्या. साठही बाळं त्या एकाच गावातली होती. साठ घरांतल्या साठ बाटल्या त्यांनी दोन दिवसांत तपासल्या. एकही चूक सापडली नाही. साध्या बाटलीत औषधाला म्हणून एक जंतू नव्हता.

बुधवारी सकाळी त्या वानखड्यांच्या घरी शेवटची बाटली बंद करत होत्या, तेव्हा मागच्या दारातून एक साठीची बाई आत आली. तिने पदर खोचला, पाटावर बसून पाय लांब केले आणि बाळाला पायांवर आडवं घेतलं. कोमट तेलाचा हात बाळाच्या पाठीवरून असा काही फिरू लागला की आत्तापर्यंत किरकिरणारं पोर तोंडाचा चंबू करून गप्प झालं. ही अंसामावशी. गावातल्या बाळबाळंतिणींना न्हाऊ घालायचं काम तिच्याकडे चाळीस वर्षं होतं.

"किती वेळ चोळता, मावशी?" वसुमतींनी विचारलं.

"लेकराचं आंग मऊ येईपर्यंत. धा-पंधरा मिन्टं तं लागतेच," मावशी म्हणाली. "मंग इंगळ्याचं, मंग गावंड्याचं. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत साऱ्या गावाची लेकरं माह्याच पायावर, बाई."

वसुमतींनी हातातली बाटली खाली ठेवली. सात वर्षं त्यांनी साऱ्या जगातले शोधनिबंध पालथे घातले होते. प्रयोगाआधी प्रत्येक घरातून एक अर्ज भरून घेतला होता, त्यात प्रश्नही होता, बाळाला कोण कोण हाताळतं? आई, आजी, आत्या, एका घराने तर शेजारचा कुत्राही लिहिला होता. अंसामावशीचं नाव साठांतल्या एकाही अर्जात नव्हतं. ती पाहुणी नव्हती, घरची नव्हती; ती रोज यायची, म्हणून कुणाला दिसतच नव्हती. वसुमतींनी मावशीच्या तळव्याला किरणपट्टी टेकवली. त्वचा किती किरण अडवते तो आकडा पट्टीवर क्षणात उमटतो. चौऱ्याण्णव. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

त्याच दिवशी त्या साध्या मलमाच्या तीसही घरी पुन्हा गेल्या आणि प्रत्येक आईला घडलेलं खरं ते सांगितलं. न विचारता तुमच्या बाळाच्या अंगावर हे जंतू आले, चूक माझी आहे. तेल लावणं थांबवा, पंधरा दिवसांत ते उपाशी मरतील. तेल कुणीही थांबवलं नाही. दोघीतिघींनी उलट विचारलं, मग आता बाहेर न्यायचं का?

ते मात्र समितीच्या हाती होतं. समितीचे अध्यक्ष डॉ. अच्युत परचुरे यांनी शुक्रवारी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली. "कल्पना छान आहे, पण ही कल्पना झाली. गावातलं पाणी असेल, एखादं पीठ असेल, तुमच्या मावशीच असतील कशावरून? मला त्याच गावातलं, तिने हात न लावलेलं एक बाळ दाखवा. एक पुरे. पुढच्या शनिवारी मी स्वतः येतो. ते बाळ किरणांना उघडं निघालं, तर तुमचं म्हणणं खरं. नाही निघालं, तर ही फाईल बंद."

असं बाळ आसरखेड्यात शोधायचं म्हणजे वाळवंटात मासा शोधायचा. पण काझींनी शोधलं. गावच्या आरोग्य केंद्रात डॉ. रेवती खंडारे नावाची तरुण वैद्यकीय अधिकारी होती. तिचा अद्वय तीन महिन्यांचा. बाळाला रगडणं, पायावर घालणं, धुरी देणं या सगळ्याला तिचा पुस्तकाच्या दाखल्यांसह विरोध होता. अद्वयला कोमट पाण्यात मऊ कापडाने पुसत. प्रयोगातही ती आली नव्हती. किरणपट्टीने अद्वयच्या पाठीवर आकडा दाखवला: चार.

आठ दिवस याला मावशीपासून लांब ठेवायचं, असं वसुमतींनी हात जोडून सांगितलं. रेवती हसली. ते तर मी तीन महिने करतेच आहे, म्हणाली. काझींनी तेवढ्यावर समाधान मानलं नाही. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी रोज संध्याकाळी अद्वयला पट्टी लावायची, आकडा लिहून लिफाफा बंद करायचा आणि तो समितीसमोरच उघडायचा, असा दंडक त्यांनी घातला. स्वतःसुद्धा डोकावायचं नाही. वसुमतींना हा अतिरेक वाटला, पण काझींशी वाद घालण्यात अर्थ नसे.

शनिवारी सकाळी आठ वाजता खंडाऱ्यांच्या ओसरीत परचुरे, वसुमती, काझी, नर्सबाई आणि जमेल तेवढं गाव जमलं. अंसामावशी कोपऱ्यात कमालीची गप्प बसली होती. रेवतीने अद्वयला झबलं काढून मांडीवर घेतलं. परचुऱ्यांनी स्वतः पट्टी टेकवली.

आकडा उमटला: ब्याऐंशी.

वसुमतींनी आकडा पुन्हा वाचला. मावशीचा हात न लागताही बाळ झाकलेलं निघालं, म्हणजे त्यांचं सगळं म्हणणंच खोटं. परचुऱ्यांनी खेदाने टोपण लावून पेन खिशात ठेवलं.

तेवढ्यात रेवतीच्या सासूबाई, विमलबाई, दारामागून पुढे आल्या. त्यांनी कुणाकडेही न पाहता पदराचं टोक चुरगाळलं.

"पोरगं रातभर रडे," त्या म्हणाल्या. "रेवती ड्यूटीवर गेली की मी अंसाले मागच्या दारानं बलावलं. माह्या पोराले तिनंच न्हाऊ घातलं होतं. चूक झाली म्हना, पन लेकरू झोपते आता."

रेवतीचा चेहरा लालबुंद झाला. परचुरे म्हणाले की आता तर काहीच सिद्ध होत नाही, शेवटचं कोरं बाळही गेलं. वसुमतींना त्या क्षणी विमलबाईंचा राग आला, आणि अद्वयच्या गुबगुबीत, तुकतुकीत पाठीकडे पाहून तो लगेच विरलाही.

काझी मात्र खुर्ची पुढे ओढून बसले होते. "आजी, पहिल्यांदा कोणत्या दिवशी बोलावलंत?"

"मंगळवारी."

त्यांनी नर्सबाईंकडून लिफाफे घेतले आणि परचुऱ्यांच्या पुढ्यात एकेक करून फोडले. शनिवार, चार. रविवार, चार. सोमवार, चार. मंगळवार, अकरा. बुधवार, चौतीस. गुरुवार, एकसष्ट. शुक्रवार, एक्याऐंशी.

"घर तेच, दूध तेच, पाणी तेच," काझी म्हणाले. "बाटली नाहीच. आईला पत्ता नाही, आकडे लिहिणाऱ्या नर्सबाईंना पत्ता नाही, मला नाही. बदललं ते एकच. सर, तुम्ही दुसऱ्या बाळाशी तुलना मागितली होती. सोमवारपर्यंतचा अद्वय आणि मंगळवारनंतरचा अद्वय, याहून सारखी दोन बाळं मी कुठून आणू?"

परचुऱ्यांनी लिफाफे पुन्हा पहिल्यापासून वाचले. चष्मा काढून पुसला. मग खिशातलं पेन बाहेर काढलं, टोपण उघडलं आणि उभ्या उभ्याच कागदावर दोन ओळी लिहून सही केली. त्वचेने ऐंशी टक्क्यांहून अधिक किरण अडवणाऱ्या बाळांना सकाळच्या पहिल्या दोन तासांत सावलीचा कायदा लागू राहणार नाही. त्यांनी घड्याळ पाहिलं. अजून वीस मिनिटं होती.

वसुमतींना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

रेवती अद्वयला घेऊन पायरी उतरली. कोवळं ऊन त्याच्या कपाळावर पडलं. त्याने डोळे गच्च मिटले, एक उघडून पाहिला आणि जोरात शिंकला. सारी ओसरी हसली. एकेका दारातून बाया आपापली लेकरं घेऊन बाहेर आल्या. वीस वर्षांत त्या गल्लीत तान्ही बाळं उन्हात कुणी पाहिली नव्हती, आणि आता मोजता येईनात इतकी होती.

अंसामावशी चपला घालून हळूच निघाली होती. रेवतीने तिला फाटकापाशी गाठलं.

"मावशी, उद्या किती वाजता येता?"

"सात वाजता," मावशी म्हणाली, "आन् आता पुढच्या दारानं येतो."